दादासाठी काढलेले दोन पत्ते

प्रिय दादा,

तू गेल्याला आज महिना झाला. तिसरं चष्म्याचं दुकान घेण्याआधी तू माझ्याकडे आला होतास. "काढ गं भविष्यवाले, तुझे टॅरोचे पत्ते. लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय."

पहिल्या पत्त्यावरचा माणूस काठी रोवून दूर समुद्राकडे बघत होता. ती तुझी उमेद. दुसऱ्यावरचा दहा काठ्यांच्या भाऱ्याखाली वाकला होता. न झेपणारं ओझं, हा अर्थ मला लगेच कळला. तरी मी चित्रातल्या घरावर बोट ठेवून म्हटलं, "बघ, पोचलासच." तू त्याच दिवशी सही केलीस, आणि आठ महिन्यांनी दुकानातच कोसळलास.

काल वहिनी आली. पुढे काय करू, विचारत होती. मी पत्ते काढलेच नाहीत. "दोन दुकानं विकून टाक. एकच सांभाळ," म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, हे ह्यांना का नाही सांगितलंत?"

त्याचं उत्तर तुलाच द्यायला हवं, म्हणून लिहिते आहे. जन्मभर तू माझी थट्टाच केलीस. त्या दिवशी पहिल्यांदा माझं मत विचारलंस, आणि मला तुला आवडेल तेच सांगायचं होतं.

तुझी,
धाकटी