बाबांचे उलटे खिसे

दादा,

सुट्टीवर निघताना तू मला बजावलंस, "बाबांचे खिसे रोज तपास. चोरून गोड खातात. नाहीतर गोळ्या घेऊनही साखर एवढी चढते कशी?" साखरेच्या डब्याला तू सायकलचं कुलूप घातलंयस. तसलंच माझ्या सायकलला होतं. चोराने कुलूप ठेवलं, सायकल नेली. ते जाऊ दे.

बाबांच्या पोटऱ्यांत सारखे गोळे यायचे, म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तात मॅग्नेशियम फारच कमी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की असं होऊ शकतं. मग इन्सुलिनही नीट काम करत नाही. साखर चढायला हेही एक कारण असेल."

ती गोळी रोज सकाळी त्यांच्या हातावर कोण ठेवतं? तू, कुणाला न विचारता! वर वहिनी त्यांच्या तोंडाचा वास घेते. शी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी आल्यापासून बाबांनी डब्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

आता ती गोळी बदललीय, मॅग्नेशियम सुरू झालंय, साखरेची औषधं चालूच आहेत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चोर नाही."

"बरं," ते म्हणाले. "सूनबाईला सांगितलंस का?"

हे पत्र मी पाठवणार नाही. हे ऐकताना तुझं तोंड मला समोर हवंय.

आत्ता त्यांना पाणी द्यायला गेलो. ग्लास घेण्याआधी बाबांनी उठून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची किळस आलेला,
भटक्या