पहिल्या धारेतले जंत

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की पत्ता काय घालायचा हा प्रश्नही आता म्हातारा झाला. तरी लिहितो. तुमच्या मेंढरांबद्दल तुम्ही म्हणत होता ते खरं असणार, आणि तुमच्या हयातीत मी ते खोटं ठरवलं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी पुण्यात जंतांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नवा लागलेला, संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवल्याचा माज अजून न उतरलेला. 'परोपजीवी' म्हणजे काय, हे मी तुम्हाला एकदा फोड करून समजावलं होतं. शांतपणे ऐकून तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या जिवावर जगनारा. म्हंजी शिकाया ठेवलेलं पोरगं." तेव्हापासून घरी माझ्या नोकरीची ओळख तीच झाली.

त्या दिवशी तुम्ही पणदऱ्याहून एसटीनं येता, पिशवीतून काचेची बरणी काढता आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर ठेवता. आत तांबडे-पांढरे, पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे जंत. मेलेल्या मेंढीचं पोट फाडून तुम्ही स्वतः वेचलेले. मी झाकण उघडतो आणि अख्ख्या खोलीत भपकारा सुटतो.

"आबा, ही दारू आहे?"

"पयल्या धारेची हाय. नासू नयेत म्हनून घातली. गुत्त्यावर मला बघून समदं गाव म्हनतंय, म्हातारा सुधारला."

थेंबही तोंडाला न लावलेला माणूस जंतांसाठी गुत्त्याची पायरी चढला होता. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. सणसरला उसाच्या मोकळ्या फडात कळप बसवला होता. मेंढरांच्या जबड्याखाली पाणी धरत होतं आणि औषध पाजूनही ती पटापट मरत होती. "ह्ये किडं आता औषधाला भीत न्हाईत," तुम्ही म्हणालात. "तू यंत्राखाली बघ आन् सांग."

मी बघितलं नाही. सांगितलं मात्र लगेच. "माप चुकलं असणार. वजनाप्रमाणे पाजायचं असतं, अंदाजपंचे नाही." तुमचा अंदाज मला ठाऊक होता. मेंढी दोन हातांवर उचलून तुम्ही सांगितलेलं वजन काट्यावर तंतोतंत निघायचं. तरी साहेब शेजारी उभे होते, आणि बापाच्या हातापेक्षा औषधाच्या डबीवरचा कागद खरा म्हणणं मला शोभून दिसत होतं.

तुम्ही बरणीचं झाकण परत लावलंत. "आसं म्हनतूस? मग माज्याच हातनं मेली म्हनायची." उरलेली मेंढरं तुम्ही इंदापूरच्या बाजारात विकलीत आणि पुन्हा कळप धरला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही गावी परत निघाल्यावर मी एक शास्त्रशुद्ध काम केलं. ती दारू मोरीत ओतली आणि जंत फॉर्मॅलिनमध्ये ठेवले.

किडे औषधाला भीत नाहीत, हे तुमचंच वाक्य आता आम्ही सभांमधून गंभीर चेहऱ्यानं म्हणतो. औषध जंताच्या पेशीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललं, की चिकटत नाही. हा बदल औषध यायच्या आधीपासून थोड्या जंतांत होता, की औषधाच्या माऱ्यात नंतर उपजला? ते कळलं तर पुढचं औषध किती वर्षं टिकेल याचा काही अंदाज बांधता येईल. त्यासाठी जुने जंत हवेत, आणि ते कोणी जपलेले नाहीत. तुमची बरणी कपाटात अजून आहे. आम्ही तीनदा प्रयत्न केला. फॉर्मॅलिननं जनुकांचा पार चुरा केलाय, वाचता येईल असं काही उरलं नाही. माझी तरुण सहकारी म्हणाली, "सर, नुसत्या कडक दारूत असते तरी जमलं असतं हो." मी म्हणालो, हं.

म्हणजे तुम्ही बरोबर होता हे मला पुरतं माहीत आहे, पण सिद्ध करायचा एकमेव पुरावा मी हातानं नासवला.

आई अजून पाहुण्यांना सांगते, "कळप ह्यांच्याच हातनं गेला. औषदाचं माप चुकलं." मी समोरच बसलेला असतो, चहा पीत. सांगावंसं वाटतं. पण मग ती विचारणार, "मंग तू तवाच का न्हाय बोललास त्यांला?" म्हणून मी कप धुवायला उठतो.