माझं मत नसलेलं शहर

३१ ऑगस्ट, रविवार

केतकीचा फोन. निवडणुकीला उभी राहतेय म्हणे. मला वाटलं सोसायटीच्या. नाही, कौन्सिलच्या. तिथे, वेल्समध्ये. तिच्या वॉर्डातल्या सदस्यांनी तब्येतीमुळे राजीनामा दिला, म्हणून पोटनिवडणूक. अपक्ष. अर्ज भरूनही झाला!

"अगं, पण तुझा पासपोर्ट तर अजून भारताचा."

"इथे चालतं, ताई. कॉमनवेल्थवाले आपण. मत तर मी कधीपासून देतेय."

धाकटी बहीण माझी. कराडला शाळेत मॉनिटर हो म्हटलं तर रडत घरी आली होती.

फोन ठेवल्यावर भांडी तशीच राहिली. तिच्या कितीतरी आधी मी देश सोडून जपानला आले. नवरा इथला, पोर इथली, कर इथे भरते, कचरा इथल्या नियमाने वेगळा करते. मत नाही. आजवर हे कधी टोचलं नव्हतं. आज का?

३ सप्टेंबर, बुध.

कोमिनकानच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक केंद्राच्या दारावर सूचना. मार्चअखेर केंद्र बंद. इमारत जुनी झाली, स्टेशनपलीकडे मोठं नवं केंद्र आहेच, सगळे उपक्रम तिकडे. म्हणजे संध्याकाळचा जपानीचा वर्गही तिकडे.

साकामोतो सेन्सेइ, आमच्या बाई, फळा पुसत होत्या. ऐंशीच्या पुढे गेल्या, अजून फुकट शिकवतात. "शोगा नाई," म्हणाल्या. इलाज नाही. फळा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

याच खोलीत मी पहिलं वाक्य शिकले. लेक अमी मांडीवर, तिला दात येत होते, माझ्या पुस्तकाचा कोपरा चघळत होती. आता मी शनिवारी तिथेच नव्या बायकांना मदत करते. बंगाली, नेपाळी, मागच्या वर्षी एक सोलापूरची.

४ सप्टें.

मोरिता-सान आमच्या भागातल्या नगरसेविका. रोज सकाळी स्टेशनसमोर माइक घेऊन उभ्या असतात, सगळ्यांना वाकून नमस्कार. मी नेहमी बाजूने निघून जायची. आपण मतदार नाही, त्यांचा वेळ कशाला घ्या. आज थांबले. ट्रेन सोडली.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "चिंजो द्या. विनंती-अर्ज. त्याला नागरिकत्व लागत नाही. उद्यापर्यंत दिलात तर याच अधिवेशनात समितीपुढे येईल. पाच मिनिटं बोलायलाही मिळतं."

बोलायला? मी?

ऑफिसला उशीर. पुढच्या ट्रेनने कोतोपर्यंत, ऑफिस तिथे, उभ्याने गेले, पण मजेत.

७ सप्टें., रवि.

अर्ज परवा दिला. समिती १७ ला.

केतकी दारोदार फिरतेय. भोंगा नाही, रिक्षा नाही, पत्रकं घेऊन एकेक दार. कुत्र्यांची नावं पाठ झालीत. मी म्हटलं, आमच्याकडे गाड्या फिरतात, उमेदवाराचं नाव दिवसभर ओरडत, अगदी आपल्या कराडसारखं. हसली.

"निवडून आलीस तर करणार काय?"

मग तिने समजावलं. सदस्य आपल्यातूनच एक नेता निवडतात. नेता स्वतःचं छोटं मंत्रिमंडळ करतो, खरा कारभार त्यांच्याकडे. उरलेल्यांनी छाननी समित्यांमध्ये बसायचं आणि त्यांना धारेवर धरायचं. महापौर गळ्यात साखळी घालून समारंभाला. मी सांगितलं, इथे महापौराला लोक वेगळा निवडतात, सभागृह वेगळं. दोघं समोरासमोर.

"आणि ताई, सभेत वेल्श बोलायचा हक्क आहे. ज्यांना येत नाही त्यांनी हेडफोन लावायचे. मी शिकतेय थोडं थोडं."

ज्याला येत नाही त्याने हेडफोन लावायचे! मी इथे इतकी वर्षं उलटंच धरून चाललेय.

१३ सप्टें., शनि.

भाषणाचा कागद अमीला दाखवला. सतरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जपानीत. लाल पेन घेऊन बसली. निम्मं खोडलं.

"फार नम्र आहे. माफी मागायला आल्यासारखी वाटतेस."

"नम्र नको?"

"हवं. पण मागतेयस ना काहीतरी? मग माग." थोड्या वेळाने, मान वर न करता, "पण तुला मत नाही, तर ते ऐकतील कशाला?"

तिला वाईट बोलायचं नव्हतं. खरंच प्रश्न पडला होता. मी उठून चहा ठेवला.

१७ सप्टें., बुध.

आज.

समितीची खोली लहान. मागे प्रेक्षकांच्या खुर्च्यांत सेन्सेइ, राखाडी किमोनो नेसून. कागद वाचला. बरा वाचला.

मग कुरोदा-सान. ज्येष्ठ सदस्य, बोलणं सावकाश. "वर्ग बंद होत नाहीये, फक्त जागा बदलतेय. मग नेमकी अडचण काय?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. कागद पालथा ठेवला. म्हटलं, पहिल्या वर्षी मला बसमध्ये चढल्यावर काय करायचं हेच कळत नसे. लोक बघतील म्हणून मी बसच टाळायची. वर्ग चालत जाण्याइतका जवळ होता म्हणून मी तिथे पोचले. भाषा आली, मग बस आली, मग नोकरी. ज्यांना भाषा येते त्यांच्यासाठी नवं केंद्र लांब नाही. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ते दुसऱ्या गावात आहे. आमच्या शहराला तीच माणसं दिसत नाहीत, कारण ती घरातच बसून राहतात.

कुरोदा-सान काहीतरी लिहीत राहिले. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि झालं.

निकाल: लगेच 'हो' नाही, 'नाही'ही नाही. विचार चालू ठेवायचा, डिसेंबरच्या अधिवेशनात पुन्हा. पूर्ण सभेत २९ ला शिक्कामोर्तब.

जिन्यात मोरिता-सान मागून आल्या. "पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा."

"मला मतही नाही, मोरिता-सान."

थांबल्या. कानापर्यंत लाल झाल्या. मी कधीच जपानी नागरिक झाले असेन असं त्या धरून चालल्या होत्या. वाकून वाकून माफी मागितली. मलाच अवघडल्यासारखं झालं. पण उतरताना हेही वाटलं की त्या धरून चालल्या, म्हणजे त्यांच्या लेखी मी इथलीच.

२१ सप्टें., रवि.

नागरिकत्व. तोमोशी बोलले. सोळा आणे सभ्य नवरा. म्हणाला, "पासपोर्ट तुझा. मी काही बोलणं बरोबर नाही. हो म्हणालीस तर कागदपत्रांना मदत करेन."

मला चिडायला झालं. अरे, भांड तरी!

इकडचं घेतलं की तिकडचं सोडावं लागतं. मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांची रांग. आई-बाबांना भेटायला जाईन आणि पाहुणी म्हणून उतरेन. कागदच आहे, असं शंभरदा म्हणून पाहिलं. मनाला पटत नाही. केतकीला हे काहीच करावं लागलं नाही, म्हणून तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं.

२६ सप्टें., शुक्र.

काल तिकडे मतदान. इकडे सकाळी डबा भरताना फोन.

"हरले, ताई."

रडत नव्हती. दमली होती. दुसऱ्या नंबरावर आली. जिंकलेल्या बाईंनी येऊन हात हातात घेतला, पत्रकातला तुझा बसथांब्याचा मुद्दा मी उचलणार आहे म्हणाल्या.

"हरल्याचं एवढं नाही गं. लोक आलेच नाहीत. दार उघडून गोड हसले, हो हो म्हणाले, आणि घरी बसले. मतदान केंद्रावर मी बाहेर उभी होते. कितीतरी वेळ रस्ता रिकामा."

मला तिचं सांत्वन करायला हवं होतं. त्याऐवजी मीच तावातावाने बोलायला लागले, मत असून येत नाहीत म्हणजे काय, वगैरे. तोमो तांदूळ धूत होता. आमचं मराठी त्याला जेमतेम कळतं, पण एवढं कळलं असावं. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाला, "मागच्या वेळी मीही गेलो नव्हतो. पाऊस होता."

सरळ सांगितलं त्याने. मी डबा उचलला आणि निघाले. ट्रेनमध्ये मात्र डोळे भरून आले. इतकी वर्षं एका ताटात जेवतोय, आणि मला जे मिळत नाही ते हा पावसात भिजायला नको म्हणून टाकून देतो.

संध्याकाळीही फारसं बोलणं नाही. अमी दोघांकडे बघत जेवली.

२९ सप्टें., सोम.

पूर्ण सभा. मी अर्धी रजा टाकून गेले. प्रेक्षकांत बसते तर शेजारी तोमो. त्यानेही अर्धी रजा. सांगितलं नव्हतं. म्हणाला, "या इमारतीत पहिल्यांदाच येतोय." टाय घालून आला होता!

आमचा विषय मिनिटभरही नाही. नाव वाचलं, "हरकत नाही", पुढचं. डिसेंबर.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, दोन कॉफ्या घेतल्या. तो म्हणाला, "तू पासपोर्ट सोडू नयेस असं मला वाटतं. आणि तू तिथे खाली, सदस्यांच्या खुर्चीत बसावंस असंही वाटतं. दोन्ही वाटतं, म्हणून बोललो नव्हतो."

मग मी त्याचा हात धरला. भर रस्त्यात. त्याला ते आवडत नाही, पण सोडवला नाही.

१९ ऑक्टो., रवि.

केतकी पुन्हा कामाला लागली आहे. आता तिथल्या गावपातळीच्या छोट्या कौन्सिलात एक जागा रिकामी आहे, तिथे बघते म्हणाली. खोडच लागली तिला.

मी नागरिकत्वाच्या कार्यालयात फक्त चौकशीची वेळ घेतली आहे. फक्त चौकशी. बाबांना फोनवर सांगितलं. आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही मुली जिथे आहात तिथे चार लोकांच्या उपयोगी पडा. बाकीचं तुझं तू बघ." रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

दुपारी अमी माझ्याशेजारी येऊन बसली. हातात पेन्सिल. फेब्रुवारीत ती अठराची होते. इथे मतपत्रिकेवर शिक्का नसतो, उमेदवाराचं नाव स्वतः हाताने लिहावं लागतं. तिने वहीच्या मागच्या पानावर माझं नाव काताकाना लिपीत लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

"आई," आणि पुढचं चक्क मराठीत, "'मेधा'मधला 'धा' लोक कसा लिहितील? आपल्याला सोपं काहीतरी ठरवायला पाहिजे."

"अगं, मी अजून काहीच ठरवलेलं नाही."

"हो, माहितीये," म्हणाली, आणि तिसऱ्यांदा लिहायला लागली.