बूट पार्टिशनपायी केलेला उद्योग

प्रसेन,

तुला उठवून बोलले असते, पण आईसमोर भांडण नको. तिला घेऊन दवाखान्यात चाललेय, दुपारी येईन. तोवर कॉम्प्युटरच्या पार्टिशनला हात लावायचा न्हाय.

नवीन कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, मशीन सुरू करणाऱ्या बूट पार्टिशनमध्ये जागा पुरत नव्हती, हे मान्य. म्हणून तू आपल्या सगळ्या फाइली असलेला 'होम'चा व्हॉल्यूम कापलास? अरे, बूट त्या लॉजिकल व्हॉल्यूमच्या बाहेर, डिस्कच्या वेगळ्याच तुकड्यावर हाय. कापलेली जागा तिकडं जातच न्हाय की! आणि कापायचाच होता, तर आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, आधी लहान करायची, एवढं तरी वाचायचंस. मशीन अडकल्यावर तसंच टाकून फुटबॉल बघायला गेलास, मला एका शब्दानं बोलला न्हाईस.

सकाळी मी सीडीवरून मशीन चालू केलं, व्हॉल्यूम होता तेवढा परत केला, तेव्हा कुठं फाइली दिसल्या. मग बूटमधले तीन जुने कर्नल काढले, नवीन आरामात बसला. काही वाढवायची गरजच नव्हती, शहाण्या!

आईनं म्हटलेली बासष्ट भीमगीतं त्याच व्हॉल्यूममध्ये होती. दुसरी प्रत कुठंच न्हाय. आज ती दोन सीडींवर उतरव आणि प्रत्येक गाणं शेवटपर्यंत वाजतंय का, ते स्वतः बसून ऐक.

गळ्याच्या ऑपरेशननंतर आईला गाता येईल का, असं मागच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. ते नुसते कागद चाळत राहिले. आईला हे अजून सांगितलेलं न्हाय.

ताई