हलत्या फोटोंचं मंडळ

४ जून, सकाळी ८.१५

निर्णय पक्का. आजपासून ‘हलते फोटो मंडळ’ हा ग्रुप सुरू. ॲपमध्ये जुना फोटो टाकला की दहा सेकंद माणूस जिवंत होतो. मान वळवतो, डोळे मिचकावतो, हसतो. सगळं जग सध्या याच्या मागे लागलंय, पण आपल्या भागात या गोष्टीला दिशा देणारं कोणी नाही. अठ्ठावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस नाही देणार, तर कोण देणार?

उद्दिष्ट : महिनाभरात पाचशे सभासद. वर्षअखेर भव्य मेळावा.

ग्रुप निव्वळ समाजासाठी आहे. आमची ही जाऊन नऊ महिने झाले, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. लेकीने फोनवर तसं विचारलं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

४ जून, दुपारी

सभासद तीन. मी, लेक (न विचारता घातली) आणि शेजारच्या दुकानातले टेलरकाका.

७ जून

सभासद ६१! हाताशी माणसं आली की शिस्त हवी. नियम तयार केले. एकूण बावीस. नियम क्रमांक एक : ‘शुभ सकाळ’ टाकू नये. टेलरकाकांनी नियमांच्या खाली लगेच ‘शुभ सकाळ’ टाकलं. गुलाबासकट.

९ जून

कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या बाई, आईचा फोटो घेऊन आल्या. एका बाजूला वाळवी लागलेला. स्कॅन केला, डाग काढले, ॲपमध्ये घातला. म्हातारीने मान वळवली आणि हसली. बाईंनी उभ्याउभ्या चौदा वेळा पाहिलं. मग म्हणाल्या, की आईने आयुष्यात माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि रडत स्टुलावर बसल्या.

तिथे बसू नका, ती हिची जागा आहे, असं ओठांवर आलं होतं. पण स्टूल गिऱ्हाइकांसाठीच असतं.

१३ जून, दुपारी २

सभासद २१४. फोन ठेवायला फुरसत नाही. वेळ वाचावा म्हणून हल्ली दुपारी घरी जात नाही, डबा स्टुडिओतच खातो. (घरी आता ताट झाकून ठेवणारं कोणी नाही, हे कारण नाही.)

जेवताना स्क्रीनवर सहा जण एकसारखे डोळे मिचकावत होते. त्यांच्याकडे पाठ केली. मग पाठीकडे कोणीतरी बघतंय असं वाटायला लागलं. शेवटी स्क्रीनवर टॉवेल टाकला.

भीती वगैरे नाही. स्क्रीनवर धूळ फार बसते.

१५ जून

छोटासा तांत्रिक घोटाळा. टेलरकाकांनी थोरल्या भावाचा फोटो पाठवला होता. खाली एकच शब्द, ‘दादा’. मी आपला नेहमीप्रमाणे काळी चौकट केली, वर ‘स्मृतीस अभिवादन’ लिहिलं आणि दादांना हसवून ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात सदतीस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. अडतिसावा मेसेज खुद्द दादांचा. त्यांनी विचारलं होतं, की मी आत्ताच जेवून उठलोय, मला काय झालंय? त्याच्याखालीही एकाने हात जोडले.

नियम नऊप्रमाणे फोटोखाली पूर्ण माहिती देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. तरी मोठ्या मनाने माफी मागायला गेलो. टेलरकाका मशीनवरून मान वर करेनात. दादा मात्र खूश होते. व्हिडिओ मागून घेतला. म्हणाले, मी असा कधी हसत नाही, पण सगळे छान म्हणतायत, तर आता शिकेन म्हणतो.

येताना वळून पाहिलं. आरशासमोर उभे होते. सराव चालू.

१९ जून

औषधाच्या दुकानवाल्याने ग्रुपवर जाहीर विचारलं, की सगळे सारखेच कसे हसतात? शंकेखोर माणूस. त्याला गप्प करावं म्हणून सहा व्हिडिओ शेजारीशेजारी लावले.

सगळे आधी डावीकडे वळतात. दोनदा डोळे मिचकावतात. मग ओठाचा डावा कोपरा आधी वर जातो, उजवा मागून. बाईंची आई, औषधवाल्याचे स्वतःचे आजोबा, दादा, कोणाची तरी तीन वर्षांची बहीण. एकच हसू सगळ्यांच्या तोंडांवर फिरतंय.

ग्रुपवर उत्तर दिलं : ‘ही तांत्रिक बाब आहे.’ नंतर बराच वेळ अंगावर काटा होता. पंखा एकवर केला.

२४ जून

सभासद १३९. लोक आता स्वतःचे मातीच्या बाहुलीसारखे फोटो करतायत म्हणे. करू देत. हौसे-नवसे गेले, दर्दी राहिले. ग्रुप गाळून निघाला. मेळाव्याचा हॉल मात्र आधी पाहिला त्यापेक्षा जरा लहान बघावा.

टेलरकाका बोलायला लागले. शुभ सकाळ, गुलाब.

२८ जून

लेकीने विचारलं, की बाबा, सगळ्या गावाचे केलेत, आईचा का नाही करत? ॲडमिनने स्वतःचं काम पुढे दामटू नये, असं सांगितलं. पटलं नाही तिला.

खरं सांगायचं तर हिचा हसरा फोटो माझ्याकडे नाही. फोटो शेकड्याने आहेत. नवा दिवा आणला, पडदा बदलला, की हिला स्टुलावर बसवायचं आणि दिव्यांचा अंदाज घ्यायचा. ही निमूट बसायची. मी दिवे बघायचो. फायलींची नावंही तशीच, लाइट टेस्ट १ ते लाइट टेस्ट ३४२. आज सगळ्या उघडल्या. उजेड प्रत्येक फोटोत अप्रतिम आहे.

२ जुलै

सभासद ५२. मेळावा रद्द नाही, लांबणीवर.

बाईंनी ग्रुप सोडला. जाब विचारायला घरी गेलो. त्या म्हणाल्या, की आईचा रागीट चेहरा डोळ्यांपुढे आणायला जावं तर ती हसतेच. त्या रागाला घाबरून मी अभ्यास केला, नोकरी मिळवली, आणि आता तोच राग सापडत नाही. व्हिडिओ पुसून टाका म्हणाल्या. त्यांच्यासमोर पुसला. गेला का, विचारलं. गेला, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

वय झालंय बाईंचं.

५ जुलै, सकाळी ११.४०

केला. केवळ तांत्रिक चाचणी म्हणून. लाइट टेस्ट २१७.

ही डावीकडे वळली. दोनदा डोळे मिचकावले. हसली. दात दिसले. किती सुंदर दिसते! चाळीस वेळा पाहिलं. गिऱ्हाईक दाराशी उभं होतं, त्याला उद्या या म्हटलं. लेकीला व्हिडिओ पाठवला. खूश होईल.

५ जुलै, दुपारी ४

खूश झाली नाही. आधी मेसेज आला, ‘ही आई नाही.’ मग फोन. रडत होती. आई कधी अशी हसायची, असं विचारलं. मी विचारलं, मग कशी हसायची? ती म्हणाली, की बाबा, तुम्हाला माहीत नाही? मी म्हटलं, वा, मला नाही तर कोणाला माहीत असणार! तेवढ्यात फोन कट झाला.

मीच केला.

६ जुलै

व्हिडिओ पुसला. दिवसभर डोळे मिटून बसलो. ही ओट्याशी, ही गॅलरीत, ही दवाखान्यातल्या खाटेवर. जिथे बघावं तिथे आधी डावीकडे वळते, दोनदा डोळे मिचकावते.

मला हिची भीती वाटायला लागली आहे. हे लिहायला नको होतं, पण आहे ते आहे.

८ जुलै

सभासद ११. ग्रुपवर सूचना टाकली : ‘कोणाला आमच्या हिचं हसू आठवत असल्यास ॲडमिनशी संपर्क साधावा.’ संध्याकाळपर्यंत एक अंगठा. आणि चार जण गेले.

९ जुलै, दुपारी १.३०

टेलरकाकांनी दुकानात बोलावलं. कात्री बाजूला ठेवली, बसायला जागा केली. म्हणाले, सांगू की नको, असं रात्रभर वाटत होतं. वहिनी रोज यायच्या. तुम्ही जेवायला घरी गेलात, की स्टुडिओ अर्धा बंद करून इथे. कापडाच्या गठ्ठ्यापाशी उभ्या राहायच्या आणि तुमची नक्कल करायच्या. ‘तोंड मिटा. दात नकोत. हलू नका. अहो, लग्नाला नाही आलात, पासपोर्टला आलात!’ आणि मग स्वतःच अशा हसायच्या, की खालीच बसायच्या. डोळ्यांतून पाणी. हात आपटायच्या गठ्ठ्यावर. मला मशीन थांबवावं लागायचं, म्हणाले.

मी आठवायचा प्रयत्न केला. पण विसरलेलं असेल तर आठवणार. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. माझ्यासमोर ही ओठ मिटून हसायची. मला वाटायचं, स्वभाव आहे.

काकांना म्हटलं, कशी हसायची, जरा करून दाखवा. अवघडले बिचारे, पण केलं. जमलं नाही. पुन्हा करा म्हटलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मात्र ते म्हणाले, की आज एक पँट द्यायची आहे.

मी स्टुडिओत परत आलो. मधल्या भिंतीला कान लावून थोडा वेळ उभा राहिलो. पलीकडे मशीन सुरू झालं होतं.