खंडेनवमीचं लोखंड

८ सप्टेंबर
वसतिगृहामागे ड्रम बसवला. सांडपाणी त्यातून जातं आणि ओढ्याला मिळतं. ओढ्याकाठी गावाची विहीर. तिच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट; गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांना घातक. ड्रममध्ये अनसिंग गावच्या भंगारातलं लोखंड: जुने विळे, फाळ, कोळपायच्या डवऱ्याची पाती. लोखंड गंजताना हायड्रोजन सुटतो. तो खाऊन जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. मला उत्साह वगैरे नाही. फक्त खात्री आहे.

अधीक्षक शालिग्राम सर म्हणाले, "मॅडम, भंगार कायले गोळा करून राह्यल्या?" मग पूर्ण नाव विचारलं. धम्मदीपा, म्हटलं. ते पुढचं ऐकायला थांबले. मीही थांबले. आडनावाचा नायट्रेटशी संबंध नाही.

१२ सप्टेंबर
जिल्ह्याचे इंजिनिअर ६ ऑक्टोबरला पाहणीला येणार. पास झालं तर ड्रम कायम, आणि आणखी गावांत. नापास तर उचलायचा. यासाठी पुण्याची नोकरी सोडली, हे मी कुणाला ऐकवत नाही. आईला सोडून.

१९ सप्टेंबर
लोखंडावर काळी, बुळबुळीत साय धरली. हेच जिवाणू. नायट्रेट उतरू लागलं. स्वयंपाक करणाऱ्या तुळसाबाई डोकावल्या. "काय माय, सडून राह्यलं का हे?" समजावलं नाही. अर्धवट माहितीने गैरसमज वाढतात. पाटी लावली: ‘पाहुणे येणार आहेत. ड्रम व परिसर स्वच्छ ठेवावा.’ थोडक्यात लिहिणं मला जमतं.

२५ सप्टेंबर
संकल्प: चिडायचं नाही. सर मला ‘भंगारवाल्या मॅडम’ म्हणतात. लक्ष दिलं नाही. दिवसभर.

१ ऑक्टोबर, सकाळी
आईसोबत नागपूरला, दीक्षाभूमीवर. इथे आज खंडेनवमी, घरोघर अवजारांची पूजा. ड्रमची काळजी नाही. जिवाणूंना सण नसतात.

४ ऑक्टोबर
परतले. नायट्रेट जवळजवळ शून्य! पुन्हा मोजलं, तेच. माझ्या प्रबंधातही इतकं उतरलं नव्हतं. झाकण उघडलं नाही. आत हवा गेली की जिवाणूंना त्रास. थोडा उग्र वास येतो. मुतारीचा असणार. अमोनिया मोजायचा राहिला. गरज नाही. आणखी गावांची नावं मनात धरली: रिठद, आसेगाव.

६ ऑक्टोबर
इंजिनिअर मदनसिंग साहेबांनी नाक वर करून वास घेतला. "मुतारी कुठाय?" इमारतीच्या पलीकडे, हे मला त्यांच्याबरोबरच कळलं. त्यांनी पाणी तपासलं. नायट्रेट गेलं होतं ते अमोनियात. ओढ्यात त्याचं पुन्हा नायट्रेट होणार, आणि ते विहिरीत.

झाकण उघडलं. विळे लखलखत होते. फाळांवर कुंकवाचे पुसट डाग, वर कुजकी झेंडूची फुलं.

तुळसाबाई खुशीत होत्या. "चिंच अन् राख लावून घासलं म्या. नवमीले इळा-फाळ बिनपुजेचे ठेवतेत का? अन् तुमीच त पाटी लावली, सोच्छ ठेवा म्हून. लय घाण धरली व्हती त्याले."

साहेबांनी विचारलं, यावरचे जिवाणू कुठे गेले? सर म्हणाले, "मॅडम, तुमचे पाळलेले त नालीत गेले."

नुसतं लोखंड, जिवाणू नसले की, नायट्रेटचा अमोनिया करतं, हे साहेबांनी मला सावकाश समजावून सांगितलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच आहे. मी मान डोलावली. ड्रम उचलायचं ठरलं.

कारणं: १) बाह्य हस्तक्षेप. २) सण. तिसरं सुचलं नाही.

७ ऑक्टोबर
टेम्पो आला. तुळसाबाईंनी चहा आणला. डोळे ओले. "माय, ते काळं कामाचं हाय, असं बोलल्या असत्या त म्या हात लावला असता का? माही सून पोटुशी हाय, थे बी त्याच इहिरीचं पानी पेते."

विषय तांत्रिक आहे, असं म्हणणार होते. त्याऐवजी सांगितलं. त्या काळ्या सायीत जीव असतात, ते पाण्यातलं विष खातात, त्यांना धुवायचं नसतं. सुनेला तूर्त दुसरीकडचं पाणी द्या.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

एवढंच होतं. चहा अजून गरम होता.