वाढत्या मापाची चेन

१७ जानेवारी १९९९, रविवार
आज घरात मोठी जबाबदारी मिळाली. म्हणजे मीच घेतली. रुचिताच्या हळदीआधी अंगणातलं वाळलेलं सुरूचं झाड पाडायलाच हवं, नाहीतर मांडवाला जागा नाही. हळद तीन फेब्रुवारीला. बाबा कुऱ्हाडवाल्यांना बोलवायला निघाले होते. मी अडवलं. शांताराममामाने कुवेतहून आणलेली पेट्रोलवरची करवत माळ्यावर पडून आहे. तिचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि आमच्या अख्ख्या खानदानात बी. कॉम. मी एकटीच. बाबा म्हणाले, बघू या तर, एवढं शिकवलं त्याचा काय उजेड पडतो. कौतुकानेच म्हणाले.

१८ जानेवारी
पुस्तक वाचून झालं, कठीण शब्द सोडून. करवतीच्या चेनचे दात बोथट झालेत. एकतर नवी चेन घ्या, नाहीतर जुनीला धार लावा. नवीच घ्यावी. धार लावताना हयगय होऊ शकते आणि मला हयगय चालत नाही. चेन आणायला जाते म्हटल्यावर रुचिता म्हणाली, मला पण एक आण, पदकवाली. लग्न ठरल्यापासून धाकटीला दागिन्यांपलीकडे काही सुचत नाही.

२० जानेवारी
माणिकपूरला जाऊन आले. दुकानदाराने करवतीच्या पट्टीचं माप विचारून चेन काढली. अगदीच बेताची वाटली. आमच्याकडे बेताचं काही घेत नाहीत. पाचवीचा युनिफॉर्म मी आठवीपर्यंत घातलाय. म्हटलं, जरा वाढत्या मापाची द्या. तो म्हणाला, ताई, करवत काय वाढणार आहे का? मी विचारलं, आणि चेन आटली तर? तो आत गेला. मोठी चेन बांधून दिली आणि माल परत न घेण्याची पाटी बोटाने दाखवली. सभ्य माणूस.

२१ जानेवारी
चेन पट्टीवरून लोंबते. घट्ट करायचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला. तरी लोंबते. आई म्हणाली, मग एक टीप मार. तिला यंत्रातलं काय कळणार! तरी दोन कड्या काढता येतात का ते बघून ठेवलं. येत नाहीत.
निर्णय: जुन्या चेनलाच धार. नवी वाया नाही गेली. पुढेमागे मोठी करवत घेतली तर चेन तयार आहे.

२४ जानेवारी, संध्याकाळ
गोल कानस आणली. पुस्तकात तीस अंश लिहिलेत, म्हणून कंपासपेटीतला कोनमापक लावून एकेक दात घासतेय. शेजारच्या रेजिनामावशी कपडे वाळत घालताना म्हणाल्या, बाय, तुझी धार लागेपर्यंत झाड म्हातारं होऊन मरेल गो. झाड मेलेलंच आहे, हे मी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं.

२७ जानेवारी
अडचण. डावीकडचे दात उजवीकडच्यांपेक्षा बारीक झाले. सगळे सारखे हवेत म्हणून उजवे घासले. आता उजवे बारीक. परत डावे. बाबांनी मला दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाची गोष्ट आठवते का विचारलं. आठवते. पण माकडाची नियत वाईट होती.

३१ जानेवारी
जमलं! सगळे दात सारखे. तांदळाच्या कणीएवढे, पण सारखे.
तेल घाला असंही पुस्तकात आहे. कुठलं, ते कठीण शब्दांत होतं. आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेल. केसांना तेच, बिजागरीला तेच. चेन रात्रभर पातेल्यात बुडवून ठेवते.

१ फेब्रुवारी, सकाळ
थंडी पडली. तेल थिजलं. चेन पातेल्यात वडीसारखी बसलीय. उन्हात ठेवली.

दुपार
करवत सुरू झाली! बाबांनी दोरी ओढून ओढून खांदा धरला, पण झाली. झाडाला लावली. आधी खोबऱ्याचा वास, मग धूर. बराच वेळ दाबून धरली. खोडावर एक काळी, गुळगुळीत रेघ उठली. रुचिता म्हणाली, ताई, झाडाला तीट लावलीस का?
दोष धारेत नाही. लाकूड जरुरीपेक्षा जुनं आहे.

२ फेब्रुवारी
बाबा कुऱ्हाडवाल्यांकडे जाऊन आले. ती माणसं नायगावला नव्या बिल्डिंगच्या जागेवर झाडं तोडायला गेलीत, आठवडाभर येत नाहीत. घरात कोणी मला काही बोललं नाही. जेवायचं नाही असं ठरवलं. थोडंच जेवले.
मांडव रेजिनामावशींच्या अंगणात पडणार. त्या स्वतःच म्हणाल्या, रुचिता मला काय परकी आहे?

३ फेब्रुवारी
हळद छान झाली. येईल त्या पाहुण्याला रेजिनामावशी कुंपणापलीकडचं झाड दाखवत होत्या. सांगत होत्या की ते तोडायचं नाही, त्याच्यावर थोरलीचा अभ्यास चाललाय. उष्टी हळद घेऊन आलेल्या, मुलाच्या आत्या बराच वेळ झाडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाबांना हळूच विचारलं, नवरी पण एवढीच शिकलेली आहे का हो? बाबा घाईघाईने म्हणाले, छे छे, देवाशपथ, दहावीच. आत्यांचा जीव भांड्यात पडला.
हळदीची वाटी घेऊन मी तिथेच उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ऊन डोळ्यांवर येत असावं.